गावातल्या पोरांना ट्रेक गाईड करायचंय? मग कोकणात सुरुवात अशी करा

घाटाखालच्या कुठल्याही वाडीत जाऊन विशीतल्या पोराला विचारा, वर जायची वाट माहितीये का, तर तो हसेल, कारण गुरांमागे, करवंदांना, सरपणाला तो लहानपणापासून त्याच वाटेने गेलाय. म्हणून सगळ्यांना वाटतं की याला गाईड करायला काय शिकवायचं, उद्यापासून पाठवा ग्रुपबरोबर. पण वाट माहिती असणं म्हणजे निम्मं काम पण नाही. ज्याला वाट माहिती नाही, ज्याचे गुडघे दुखतायत, ज्याने सकाळपासून वडापावशिवाय काही खाल्लं नाही आणि भीती वाटते हे सांगायची ज्याला लाज वाटते अशा माणसाला वर नेऊन परत गाडीपर्यंत धडधाकट आणायचं, हे गाईडचं काम. ते शिकावं लागतं, आणि चार-पाच महिने नीट दिले तर शिकवता येतं.

हे मी लिहितेय ते गावात काहीतरी उभं करू बघणाऱ्यांसाठी. तरुण मंडळ असेल, बचत गट असेल, एखादी शिक्षिका, एखादा ग्रामपंचायत सदस्य किंवा मुंबईची नोकरी सोडून गावी परत आलेला चाकरमानी. हिमालयात जायचा अनुभव लागत नाही. चिकाटी मात्र लागते, आणि गावकीत चार लोकांशी बोलायची तयारी.

आधी वाट निवडा, पोरं नंतर

बहुतेक जण उलटं करतात, पंधरा पोरं गोळा करतात, टी-शर्ट छापतात आणि मग विचारतात आता कुठे न्यायचं. आधी ठरवा की तुमच्या गावातून काय दाखवण्यासारखं आहे आणि तिथे गाईडची खरंच गरज आहे का. रायगडावर पायऱ्या आहेत, रोपवे आहे, तिथे वाट दाखवणाऱ्यापेक्षा इतिहास नीट सांगणारा माणूस लागतो. पण खेड तालुक्यातले रसाळगड-सुमारगड-महिपतगड सलग करायचे असतील, चोरवण्यातून नागेश्वरला चढायचं असेल, कुडाळ तालुक्यातल्या नारूरकडून रांगण्यावर जायचं असेल, लिंगाण्याच्या बाजूच्या बोराट्याच्या नाळेने (अरुंद घळीने) उतरायचं असेल, तर तिथे माहितगार माणसाशिवाय शहरातला ग्रुप हमखास चुकतो. डोंगराच्या पदरातल्या (मधल्या टप्प्यावरच्या) जंगलात ढोरवाटा इतक्या फुटलेल्या असतात की मोबाईलवरची रेघ बघून काही कळत नाही.

डोंगरच पाहिजे असंही नाही बरं का. रत्नागिरी-राजापूरकडच्या सड्यावर (जांभ्या दगडाच्या पठारावर) कातळशिल्पं, म्हणजे जमिनीवरच्या खडकात कोरलेली जुनी चित्रं आहेत, कशेळीचा तो अवाढव्य हत्ती, उक्षी, देवीहसोळ, बारसू, आणि ही कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेलीयत. सड्यावरची चाल सोपी असते, पावसाळ्याच्या शेवटी फुलं असतात, आणि वयस्कर माणसं, शाळेच्या सहली सगळे येऊ शकतात. नवीन गाईडने असल्या वाटेवर सुरुवात केली तर मला जास्त बरं वाटतं.

आणि हो, २०२५ च्या जुलैमध्ये मराठा लष्करी स्थापत्य म्हणून जे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत गेले त्यातले रायगड, खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे ५ कोकणातले. तिथे गर्दी वाढणार म्हणून सगळे तिकडेच धावतील. तुम्ही त्याच्या शेजारचा, कुणी फारसं न बघितलेला डोंगर धरा.

वाट ठरली की गावकीत विषय काढा, ग्रामसभेत ठराव घ्या. वाटेत कुणाची राई लागते, कुठे देवराई आहे, कुठे चप्पल काढायची, कुठल्या टाक्यातलं पाणी देवाचं, कुठे बायांनी जायचं नाही असं म्हणतात (यावर भांडण होणार, होऊ दे, पण ते गावात आधीच होऊ दे, पाहुण्यांसमोर नको), हे सगळं तिथे बोलून घ्या. वनखात्याची हद्द असेल तर वनपालांना भेटा. अभयारण्य असेल तर परवानगीशिवाय पाऊलच टाकायचं नाही. किल्ला संरक्षित स्मारक असेल तर वर मुक्काम, चूल, तंबू यांचे नियम वेगळे असतात, ते आधीच विचारून ठेवा.

कुणाला घ्यायचं

सगळ्यात जोरात चढणारा पोरगा घेऊ नका. म्हणजे घ्या, पण त्याला पुढे ठेवू नका. मागे वळून बघणारा पोरगा शोधा. माझी परीक्षा साधी असते, सगळ्यांना एका चढावर न्यायचं आणि कोण दुसऱ्यासाठी थांबतं ते बघायचं. अठरा वर्षं पूर्ण झालेलीच घ्या. मुलींना नक्की घ्या, कारण शहरातून येणाऱ्या ग्रुपमध्ये बायका-मुली भरपूर असतात आणि पाळी आलीय, पोटात दुखतंय, आडोसा कुठे आहे हे त्या एखाद्या दादाला सांगत नाहीत, ताईला सांगतात. घरचे नाही म्हणतील. मग आईला एक दिवस बरोबर न्या, सगळा ट्रेक चालवा, संध्याकाळी ती स्वतःच हो म्हणते.

ठाकर, कातकरी, धनगरवाड्यावरची पोरं या कामात बहुतेक वेळा सगळ्यात तयार असतात आणि टीम करताना नेमकी तीच राहून जातात, कारण मंडळाची मीटिंग खालच्या गावात होते. मीटिंग वर वाडीत घ्या.

वाटेची वही

आता खरं प्रशिक्षण. सुरुवातीचा सगळा महिना पाहुणा आणायचाच नाही. नुसतं चालायचं आणि लिहायचं. प्रत्येक वाटेची एक वही करायची, त्यात कुठून निघालो, किती वाजता, कुठल्या खुणेला किती वेळ लागला, गावच्या पोराला किती आणि शहरातल्या माणसाला किती लागेल (सरळ दुप्पट धरा), पाणी कुठे, ते कुठल्या महिन्यापर्यंत टिकतं, मोबाईलला रेंज नक्की कुठल्या दगडावर येते आणि कुठल्या कंपनीची, कुठे घसारा आहे, कुठे कातळावर शेवाळ धरतं, आग्यामोहोळ कुठल्या कड्याला आहे, मध्येच सोडून उतरायचं झालं तर जवळची वाट कुठली आणि ती कुठल्या वाडीत निघते. माणूस उचलून आणावा लागला तर डोली कुठून निघेल, जीप कुठपर्यंत चढेल, तिथून ग्रामीण रुग्णालय किती मिनिटं, हे पण.

मोबाईलवर ट्रॅक रेकॉर्ड करून त्याची जीपीएक्स फाईल (चाललेल्या वाटेची नोंद) ठेवा, ऑफलाईन नकाशा कसा वापरायचा ते शिका, पण वही सोडू नका. बॅटरी संपते. आणि दुसरं, वही लिहिताना पोराच्या लक्षात येतं की आपल्याला डोळे मिटून येणारी वाट दुसऱ्याला सांगता येत नाही, 'त्या ऐनाच्या झाडाकडून आत' म्हणजे कुठल्या ऐनाकडून? गावात शंभर ऐन आहेत. वाट शब्दात सांगता यायला लागली की अर्धा गाईड तयार.

तीच वाट पुढे सगळ्या हंगामात चालत राहा. ऑक्टोबरात कारवीतून जाणारी वाट मार्चमध्ये उघडी पडते, ऊन नुसतं भाजतं, आणि फेब्रुवारीपर्यंत भरलेलं टाकं एप्रिलमध्ये कोरडं. धुक्यात एकदा चाला. रात्री पण एकदा चाला, टॉर्च घेऊन, कारण ग्रुपला उशीर होतोच.

प्रथमोपचार, इथे काटकसर नको

रेड क्रॉस किंवा सेंट जॉन अँब्युलन्सचा प्रथमोपचाराचा कोर्स सगळ्यांना करायला लावा, जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कार्यालयात आपदा मित्र (आपत्तीत मदत करणारे स्वयंसेवक) प्रशिक्षणाची चौकशी करा. ज्या एक-दोघांना पुढे जायचंय त्यांनी उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेसारख्या ठिकाणी २८ दिवसांचा बेसिक कोर्स करावा, चांगलाच असतो, पण तो बर्फाचा आहे. कोकणात माणूस बर्फाने नाही, उन्हाने, पाण्याने आणि घसरून जातो.

ऊन सगळ्यात जास्त त्रास देतं. इथली हवा दमट, घाम सुकत नाही, अंग तापत जातं. माणूस बडबडायचा थांबला, चिडचिड करायला लागला, पाय अडखळायला लागले की सावलीत बसवा, बूट काढा, मानेवर, काखेत ओलं फडकं, पंख्यासारखा वारा घाला. ओआरएसची पाकिटं बॅगेत पाहिजेतच, संपली तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा म्हणजे चहाचा. शुद्ध हरपत असेल, असंबद्ध बोलत असेल तर तोंडात काही ओतू नका, अंग थंड करत राहा आणि १०८ ला फोन.

साप. आपल्याकडे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चार महत्त्वाचे विषारी, त्यात फुरसं कोकणात सड्यावर, दगडाखाली भरपूर, आणि इतकं लहान की दिसत नाही. चावलं तर कापायचं नाही, चोखायचं नाही, करकचून दोरी बांधायची नाही, देवऋषाकडे जायचं नाही. अंगठी, कडं, पैंजण काढा, तो अवयव फळीने किंवा काठीने बांधून हलू देऊ नका, माणसाला चालवू नका, आणि निघताना रुग्णालयात फोन करून विचारा की प्रतिविष आहे का, नाहीतर एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात वेळ जातो. विंचू-इंगळीचं पण तसंच, अंगारा नको, दवाखाना. लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध चालतं हे संशोधन आपल्याच महाडला डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी केलं आणि जगभर गेलं, त्यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली, हे पोरांना मुद्दाम सांगा. आपल्याच भागातला डॉक्टर म्हटल्यावर पोरं कान देऊन ऐकतात.

आग्यामाश्या उठल्या तर झोपायचं नाही, हात झाडायचे नाहीत, तोंड-मान झाकून पळायचं, दाट झाडीत किंवा बंद जागेत. आणि आधीच सांगायचं, परफ्यूम नको, शेकोटी नको, कड्याखाली आरोळ्या नकोत.

माणसं सांभाळणं

हा भाग शिकवायला सगळ्यात अवघड आणि सगळे हाच गाळतात. निघण्याआधी दहा मिनिटं सगळ्यांना गोलात उभं करा आणि बोला. गावचा पोरगा इथेच लाजतो, खाली बघून दोन वाक्यं पुटपुटतो आणि चला म्हणतो. म्हणून रोज संध्याकाळी देवळात उभं राहून एकमेकांसमोर बोलायची प्रॅक्टिस करायची. इंग्रजी येत नाही म्हणून घाबरू नका, स्वच्छ मराठी आणि मोडकं हिंदी पुरतं. काय बोलायचं, तर किती तास, किती चढ, पाणी कुठे, कुठे सांभाळायचं, दारू चालणार नाही, आणि कुणाला दमा, बीपी, साखर, फिट, गुडघ्याचं ऑपरेशन असेल तर बाजूला येऊन सांगा. 'बाजूला येऊन' हे महत्त्वाचं, चारचौघात कुणी सांगत नाही. पायात काय आहे ते बघा. गुळगुळीत तळव्याचे बूट असतील तर तिथेच नाही म्हणा.

पुढे एक, मागे एक. मागच्याने कुणालाच मागे ठेवायचं नाही, काहीही झालं तरी. नवशिक्यांचा ग्रुप असेल तर आठ-दहा जणांमागे एक गाईड, आणि कमीत कमी दोन, म्हणजे एकाला जखमीजवळ थांबता येतं आणि दुसऱ्याला उतरता येतं. डोकी मोजायची, प्रत्येक थांब्याला, प्रत्येक व्हाळ (ओढा) ओलांडल्यावर. वेग सगळ्यात हळू माणसाचा. पुढचे थांबले आणि शेवटचा पोचला की लगेच निघायचं नाही, त्याला पण बसायला मिळालं पाहिजे, नाहीतर ज्याला सगळ्यात जास्त विश्रांती पाहिजे त्यालाच कधी मिळत नाही.

कड्यावर सेल्फी काढणाऱ्याशी कसं बोलायचं, ही पण प्रॅक्टिस करा. ओरडून उपयोग नाही, तो ग्राहक असतो आणि दुखावतो. "साहेब इकडे या, इथून मस्त येतो, मी काढतो" म्हणा आणि आत घ्या. फोटोच्या सुरक्षित जागा वहीत लिहून ठेवा.

गोष्टी सांगा, पण खऱ्या. इतिहास येत नसेल तर रेटून सांगू नका. रायगडावर ६ जून १६७४ ला राज्याभिषेक झाला, बांधकाम हिरोजी इंदुलकरांचं, हे पक्कं. हिरकणीची गोष्ट सांगताना ही आख्यायिका आहे असं म्हणा, गोष्ट कमी होत नाही. सुधागडावर गेलात तर पंतसचिवांचा वाडा, भोराई देवी, रायगडासारखा महादरवाजा हे दाखवा. बाकी तुमच्याकडे जे आहे ते कुठल्याच पुस्तकात नसतं, कारवी सात वर्षांनी फुलते, तिच्या काठ्यांचे कूड (भिंती) करतात, हिरडा कधी पाडतात, कुठल्या रानभाजीचा चीक कसा काढायचा, शेकरूचं घरटं कुठल्या झाडावर. शहरातला माणूस यालाच पैसे देतो.

नाही म्हणायला शिका

पाऊस. सगळ्यात जास्त गर्दी पावसाळ्यात आणि मोठा धोका पण पावसाळ्यात. तळीये जुलै २०२१, इर्शाळवाडी जुलै २०२३, दोन्ही वेळा डोंगर खाली आला आणि वाड्या गेल्या, अजून डोळ्यासमोरून जात नाही. हवामान खात्याचा ऑरेंज किंवा रेड अलर्ट असेल तर ट्रेक रद्द, चर्चा नाही. भिऱ्याच्या देवकुंड धबधब्यासारख्या ठिकाणी प्रशासन पावसाळ्यात बंदी आदेश काढतं, तो मोडून 'मागच्या वाटेने नेतो' म्हणणारा पोरगा गाईड नव्हे. एकदा नेलं, दुसऱ्यांदा नेलं, आणि तिसऱ्यांदा काही झालं तर नाव अख्ख्या गावाचं जातं.

व्हाळाचं पाणी गढूळ झालं, पालापाचोळा वाहत आला, आवाज बदलला की पात्रातून बाहेर, वर पाऊस पडलाय. गुडघ्याच्या वर वाहतं पाणी असेल तर ओलांडायचंच नाही, थांबायचं, कोकणातल्या व्हाळाला जसं पटकन पाणी चढतं तसं बरेचदा दोन-चार तासात उतरतं पण. दोर असला तरी माणसाला त्याला बांधून पाण्यात घालू नका. ऑक्टोबरात परतीचा पाऊस दुपारनंतर विजा घेऊन येतो, तर दुपारपर्यंत माथ्यावरून खाली यायचं. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं दामिनी ॲप विजेची सूचना देतं, ते फोनमध्ये ठेवा.

आता गंमत अशी की पोराला हे सगळं कळत असतं. पण समोर वीस लोक पैसे भरून आलेले, आयोजक म्हणतो अरे चल रे काही होत नाही, आणि आज नाही नेलं तर हजेरी बुडणार. मग तो नेतो. म्हणून नाही म्हणायचे पैसे ठरवा. बुकिंगच्या वेळीच सांगायचं की हवामानामुळे गाईडने ट्रेक रद्द केला तरी त्याची अर्धी मजुरी मिळणार, किंवा त्याऐवजी खालचा गाव, शेतं, भातलावणी दाखवून पूर्ण. हे एवढं केलं की पोरगा ठामपणे नाही म्हणतो. नाहीतर प्रशिक्षण कितीही द्या, फुकट.

पैसे

माणशी दर ठेवू नका. माणशी ठेवला की पोरगा वीसच्या जागी तीस घेतो. गाईडमागे दिवसाचा दर ठेवा, एका गाईडमागे जास्तीत जास्त दहा माणसं, त्यापेक्षा जास्त झाली की आणखी एक गाईड, आणि छोट्या ग्रुपला पण दोन. मुक्काम वेगळा, सामान उचलणं वेगळं. समजा एका गाईडचा दर १,२०० ठरला तर १,००० त्याचे आणि २०० गटाच्या खात्यात, त्यातून प्रथमोपचाराची पेटी, विमा, वाटेची साफसफाई. दर पंचायतीच्या भिंतीवर लिहून टाका, सगळ्यांना दिसेल असा.

फोन नंबर एकच, कुणाची पाळी कधी ते ठरलेलं, हिशोबाची वही उघडी. हे नसेल तर दोन महिन्यात पार्किंगमध्ये पोरं एकमेकांचा दर पाडताना दिसतील आणि फायदा मुंबईच्या आयोजकाचा होईल. जेवणाचे पैसे गाईडच्या हातात देऊ नका, बचत गटाच्या बायांना थेट द्या. तांदळाची भाकरी, कुळथाची पिठी, वालाचं बिरडं, सोलकढी, एवढंच ठेवा, पनीर-बिनीर मागितलं तरी करू नका. जेवण विकायचं म्हणजे अन्न परवाना लागतो, बेसिक नोंदणी करून घ्या. पाहुणे घरात ठेवायचे असतील तर राज्याच्या पर्यटन विभागाची निवास व न्याहारी योजना बघा.

कागदपत्रांचं थोडक्यात, पोरांची पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी, गटाचं बँक खाते, अपघात विमा. राज्याचं साहसी पर्यटनाचं धोरण २०२१ मध्ये आलंय, त्यात असे उपक्रम घेणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची आहे, म्हणून बाहेरचा आयोजक आला की त्याला नोंदणी विचारा आणि स्वतः आयोजन करायला लागलात की तुम्ही पण करा.

आणि या धंद्यावर घर चालेल असं पोरांना सांगू नका. शनिवार-रविवार आणि ऑक्टोबर ते फेब्रुवारी एवढाच भरवशाचा हंगाम. शेती, काजू-आंबा, गवंडीकाम, जे चालू आहे त्याला हा जोड आहे. तेवढ्याने पण एखादा पोरगा मुंबईला वॉचमन म्हणून जायचा थांबतो, कमी नाही.

पहिले ग्रुप

पहिला ग्रुप शहरातला नको. तालुक्याच्या कॉलेजची मुलं, शाळेचे शिक्षक, आपलेच चाकरमानी, यांना फुकट किंवा अर्ध्या दरात न्या, आणि मागून एक जण नुसता बघणारा ठेवा, वही घेऊन. कुठे डोकी मोजायला विसरला, कुठे पुढचा पळाला, कुठे कचरा राहिला. संध्याकाळी बसून बोला, तोंडावर, पण चहा पाजून. असे आठ-दहा झाले की मग बाहेरचे घ्या. नवा गाईड आणखी काही महिने जुन्याबरोबर मागचा म्हणूनच जाईल, एकटा नाही.

कचरा जो आणेल तो परत नेईल, निघताना पिशव्या मोजून द्या आणि उतरल्यावर मोजून घ्या.

तारखांचं कॅलेंडर जूनमध्येच लावा. लावणीचे दिवस, गणपती आणि शिमगा सरळ बंद ठेवा, कितीही मोठा ग्रुप आला तरी. त्या दिवसात पोरगा पालखी सोडून तुमच्या ट्रेकला येणार नाही, आणि आला तर घरचे पुढच्या वर्षी पाठवणार नाहीत.